वीसपैकी वीस

खोल दरीच्या काठावरच्या एका गावात एक रहाट होता. दरीवर जाड दोर ताणलेला होता आणि त्यावरून माणसं नेणारा पाळणा ये-जा करी. अलीकडचे लोक रहाट फिरवून पाळणा ओढत, पलीकडचे त्याचा मागचा दोर सांभाळत. पलीकडच्यांची बोली वेगळी होती. मागचा दोर मोकळा असला की ते 'ओढा' अशा अर्थाची हाक घालत, कपारीत अडकला की 'सोडा' अशा अर्थाची. पण त्यांच्या बोलीतल्या या दोन हाका गावकऱ्यांच्या कानाला अगदी सारख्या वाटत. एरवी पलीकडून हलवलेली निशाणं दिसत, म्हणून अडत नसे. धुक्यात मात्र सगळं हाकेवर चाले. चुकून ओढलं तर अडकलेला दोर तुटणार. चुकून सोडलं तर पाळणा मागे घसरून कड्यावर आपटणार.

जुन्या रहाटकऱ्याचे कान गेले, तेव्हा कोयाजीने ते काम मागितलं. त्याला हाका शिकवायला मायंगी कासारीण होती. ती पलीकडची, लग्न होऊन या गावात आलेली. ती भिंतीआड उभी राहून हाक घाली. कोयाजी 'ओढा'ला उजवा हात वर करी, 'सोडा'ला डावा.

"शेवटाकडे कान द्या, दादा," ती म्हणे.

पण कोयाजीने स्वतःची सोपी खूण शोधली होती. 'ओढा' म्हणताना मायंगीचा आवाज किंचित चढे. महिनाभरात तो एकदाही चुकेनासा झाला. पाटलांनी गावासमोर परीक्षा घेतली. वीसपैकी वीस!

मायंगी मात्र खूश नव्हती. "तुम्ही माझा गळा ओळखायला शिकलात, आमची बोली नाही. आमच्या बाजारात आठ दिवस बसा. म्हातारे, पोरं, भांडणाऱ्या बाया, सगळ्यांचं ऐका."

"विसात वीस झाले, बाई. आता भांडणंही ऐकू?"

"एकच बांगडी रोज वाजवून कुणी कासारीण होत नाही, दादा."

कोयाजी हसला. बाजारात काही तो गेला नाही.

श्रावणात मायंगी भावाला भेटायला पलीकडे गेली. ती परत निघाली त्या सकाळी दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. पाळणा निघाल्याची घंटा वाजली. कोयाजी रहाट फिरवू लागला. पाळणा अर्ध्यावर आला असेल, तोच दोर जड झाला. वाऱ्याने की अडकल्याने, कळेना. पलीकडून हाक आली.

हाक कुणा म्हाताऱ्याची होती, घोगरी. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. हाक पुन्हा आली. कोयाजीला काहीच समजलं नाही. त्याने रहाट फिरवणं थांबवलं.

"ओढ की रे!" पाटील ओरडले. "विसात वीस होते ना? आज काय कानात बोळे घातलेस?"

मायंगीचा नवरा रामोजी धावत आला. "कोयाजी, काय म्हणतायत ते? माझं माणूस लटकलंय तिथे!"

सगळं गाव बघत होतं. कोयाजीच्या मनात आलं, ओढून टाकावं. बरोबर ठरलं तर आपल्याला कळलं नव्हतं हे कुणाला कळणारही नाही. त्याची बोटं रहाटावर आवळली. मग त्याने ती सोडवली आणि खुंटी ठोकून रहाट अडवला.

"मला हाक कळली नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मला फक्त मायंगीबाईंचा आवाज कळतो, आणि पाळण्यात त्याच आहेत. आता कुणी बोलू नका. मला ऐकू द्या."

खुंटी करकरत होती. मधे लटकलेल्या मायंगीचा आवाज खालच्या पाण्याच्या घोंगावण्यात विरून जात होता. पलीकडचे लोकही घाबरले आणि जो तो हाक घालू लागला. एका बाईची तीक्ष्ण हाक. लहान मुलीची. धापा टाकणाऱ्या कुणाची तरी. कुणाचा आवाज चढे, कुणाचा पडे. कोयाजीने डोळे मिटले. चढ-उताराकडे लक्ष देणं त्याने सोडून दिलं. मग सगळ्यांत मिळून एकच गोष्ट उरली: हाकेचा शेवट. तिथे श्वास मोकळा सुटत होता आणि दरीत लांबत जात होता. भिंतीआडून येणारा मायंगीचा 'ओढा' शेवटी तटकन तुटत असे, हे त्याला आत्ता आठवलं. इथे एकही हाक तुटत नव्हती.

"सोडा म्हणतायत," तो म्हणाला. त्याने खुंटी काढली आणि दोन हात दोर सैल सोडला.

रामोजीने तोंड फिरवलं. धुक्यात दगड घरंगळल्याचा आवाज झाला. दोर हलका झाला. मग तीच घोगरी हाक आली, आणि या वेळी ती शेवटी तटकन तुटली. कोयाजीने कुणाकडे पाहिलं नाही. त्याने ओढलं.

मायंगी पाळण्यातून उतरली, तेव्हा तिच्या एका हातातल्या सगळ्या बांगड्या फुटलेल्या होत्या. जरा दम खाऊन तिने विचारलं, "हाक घालणारा कोण होता, दादा?"

"माणूस नाही ओळखला, बाई," कोयाजी म्हणाला. "हाक ओळखली."

निशाणं दिसू लागताच रहाट रामोजीच्या हाती देऊन तो पाळण्यात बसला. पलीकडच्या बाजारात तो आठ दिवस नाही, महिनाभर राहिला.

तात्पर्य: एकाचा आवाज ओळखता आला म्हणजे भाषा ऐकू आली असं नाही, अनेकांचं ऐकावं लागतं, आणि कळलं नाही तर तसं सांगायची लाज बाळगू नये.