पुसलेला आवाज

लॉकरसाठी आवाजाने उघडणारी कुलपं बनवणाऱ्या कंपनीत यामिनी खांबेटे होती. ऐकलेलं गुप्त वाक्य मेमरीतून पुसणारा भाग तिने असेंब्लीत, म्हणजे थेट यंत्राला कळणाऱ्या भाषेत, एकेक सूचना हाताने लिहून बनवला होता. संचालक राजवाडकरांनी तो काढून सोप्या प्रोग्रामिंग भाषेत पुसायची एकच ओळ लिहिली आणि ती यंत्राच्या भाषेत उतरवायला कंपायलर या भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामकडे दिली.

"अहो खांबेटे, कोणी बघणार नाही तिथे एवढी मेहनत कशाला?"

बँकेची माणसं कुलूप बघायला आली. राजवाडकर बंद खोलीत एकटेच आपलं वाक्य बोलले, कुलूप उघडून बाहेर आले.

"आता ते वाक्य जगात कुठे नाही. शोधा हवं तर, खांबेटे!"

यामिनीने कुलपाच्या मेमरीत उरलंसुरलं होतं ते पुन्हापुन्हा वाजेल असं स्पीकरवर सोडलं. राजवाडकरांचे ओठ मिटलेले होते, तरी त्यांचाच आवाज कुजबुजला, "विहिरीला अजून पाणी आहे."

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. राजवाडकर पांढरेफटक पडले. "पण पुसायची ओळ मी स्वतः लिहिली होती!"

"ती कंपायलरने गाळली, साहेब. पुसलेली जागा पुढे कोणी वाचत नाही, हे त्याने ताडलं. त्यालाही तुमच्यासारखंच वाटलं, कोणी बघणार नाही तिथे मेहनत कशाला?"

बँकेची माणसं बॅगा उचलून निघाली. स्पीकर बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. तो कुजबुजतच राहिला.