कढीचा मान

भांडी बोलत असत तेव्हाची गोष्ट. गावजेवणाच्या सकाळी पितळेचा टोप चुलीवर आनंदाने डुलत होता. यंदा कढी त्याच्यात होणार होती!

"पळीताई, बघ कसा चकाकतोय मी!"

"बाहेरून रे दादा! आतली कल्हई पार उडालीय. आंबट ताक तुझ्यात कळकेल, पोरं आजारी पडतील."

"जळतेस माझ्यावर!"

पळीने त्याच्या तळाशी कालपासून राहिलेला ताकाचा थेंब दाखवला. तो हिरवा पडला होता. टोपाचे डुलणे थांबले.

तेवढ्यात आचारीण सखूबाई ताकाची घागर घेऊन आली. बाहेर मुले वाट्या वाजवत ओरडत होती, "कढी! कढी!" घागर कलली, आणि टोपाने चुलीवरून धाडकन खाली उडी घेतली!

सखूबाईने वाकून आत पाहिले. "अगं बाई, कल्हईच नाही! मातीचं मडकं आणा, पळा!"

मडक्यात कढी उकळली. मुलांनी भुरक्यांवर भुरके मारले. चेपलेला टोप कोपऱ्यातून बघत होता.

"फार दुखतंय का रे?" पळीने विचारले.

"मला दुखू दे गं! पोट कुणाचं दुखत नाही ना?"