झाडलेली बाग

एकदा एका नव्या सुनेनं एक वाक्य ऐकलं. ते तिच्यासाठी नव्हतं, तिच्याविषयी होतं.

मागल्या दारी पडवळाच्या वेलाखाली ती भांडी पालथी घालत होती. आत माजघरात तिच्या नवऱ्याच्या आत्याबाई आपल्या वृद्ध वडिलांना सांगत होत्या, "अण्णा, तुमचे गुडघे गेले. आता बाग मक्त्यानं देऊन मोकळे व्हा. नव्या सुनेवर भिस्त ठेवू नका. मुलगी गुणाची आहे हो, नाही कोण म्हणतंय? पण घरात असून नसल्यासारखी. ती आल्यानं भर काय पडली, सांगा बघू!"

अण्णा काय म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही. बहुधा काहीच म्हणाले नसावेत. त्या घरात कमी बोलणारी माणसं दोन होती, आणि त्यांतल्या एकालाच लोक त्यासाठी ज्ञानी म्हणत.

ती घाटावरच्या एका रखरखीत गावातून समुद्राकाठच्या या घरी आली होती. मागची सुपारीची बाग तिनं पहिल्यांदा पाहिली ती भर दुपारी, आणि तिथल्या गार काळोख्या सावलीनं तिला जे धरलं ते सोडलंच नाही. अण्णा पाटाचं पाणी एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्यात वळवत, तेव्हा ती मागे उभी राहून पाहत असे. हे आपल्यालाही शिकवावं, असं शंभरदा मनात येई आणि मनातच राही. बाग मक्त्यानं गेली, की मक्तेदाराचं कुंपण पडणार आणि आपल्या वाट्याला उरणार ते फक्त हे मागलं दार, एवढं तिला स्वच्छ कळत होतं.

मग भर घालून दाखवायचीच, असं तिनं ठरवलं. तिच्या माहेरी बाईची पारख अंगणावरून होई. जिच्या अंगणात काडी सापडत नाही ती खरी कामाची. आत्याबाई आणि अण्णा सकाळी गावात मुंजीला गेले, तशी तिनं खराटा उचलला आणि अंगण सोडून थेट बागेत शिरली. सुपारीची गळलेली झावळं, फणसाची पानं, आळ्यांत साचलेला अर्धाकुजका पाचोळा, सगळं ओढून तिनं न्हाणीघरापाशी ढीग रचला आणि आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलवणात दिवसभर सारत राहिली.

दुपार कलता दोघं परतली. आत्याबाई बागेत डोकावल्या आणि थबकल्या. "अगं बाई! इथं तर आता पंगत बसेल!"

सुनेला धन्य वाटलं. पण ते फार वेळ टिकलं नाही. अण्णांनी कढत पाण्यानं निवांत आंघोळ केली, बाहेर आले, उरलेल्या ढिगातून टोपली भरली आणि कुरकुरत्या गुडघ्यांनिशी बागेत जाऊन, झाडून लख्ख केलेल्या आळ्यांत तोच पाचोळा मूठमूठ पसरू लागले.

"अण्णा!" आत्याबाई ओरडल्या. "आत्ता तर आंघोळ झाली तुमची! आणि पोरीनं कंबर मोडून झाडलंय, त्यावर पुन्हा कचरा? तिला काय वाटेल?"

तिला काय वाटलं ते सांगण्यासारखं नव्हतं. ती नुसती पुढे झाली आणि म्हणाली, "माझं चुकलं का, अण्णा?"

"अर्धंच पाहिलंस, इतकंच. जा, चुलवणातली राख घेऊन ये."

तिनं सुपलीत राख आणली. अण्णा पाटाच्या कडेला टेकले होते.

"एवढीच?"

"एवढीच."

"आणि जाळलंस किती?"

"डोंगरभर," ती ओशाळून म्हणाली.

"मातीनं दिलं होतं ते हे एवढंच, ते खाली राहिलं. बाकीचा डोंगर कुठे गेला?"

"हवेत."

"हवेतूनच आला होता. थोडा पाण्यातून. झाड हवेतला घास घेतं, पाणी पितं आणि उन्हाच्या बळावर त्याचं पान घडवतं. पान गळलं की गांडूळ, वाळवी, बुरशी त्यावर जेवतात, आणि जेवून आपल्यासारखाच श्वास सोडतात. तो श्वास वर जातो, वरचं पान पुन्हा त्याचाच घास घेतं. आगीनंही तेच केलं, पण एका दिवसात. खालचे सगळे उपाशी राहिले आणि मुळं उघडी पडली. पंगत बसेल म्हणाली ना आत्या? अगं, ती बसलेलीच होती. आपण वाढलेलं उचललं."

ती राखेकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "आणि ऊन? तेही असंच फिरून येतं?"

अण्णांनी प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. "नाही. तेवढं येत नाही. मघाशी माझ्या पाठीला जी ऊब लागली, ती या पानांवर कधीकाळी पडलेल्या उन्हाची. लागली आणि विरून गेली. ती आता पुन्हा पानात शिरायची नाही. म्हणून रोज नवं लागतं, आणि रोज नवं मिळतं. त्याची परतफेड कोणाला जमलेली नाही. मी पहाटे पूर्वेकडे तोंड करून हात जोडतो ते एवढ्यासाठी."

तिनं ती राख एका सुपारीच्या बुंध्याशी हलकेच ओतली. मग दुसरी टोपली घेतली आणि दोघांनी मिळून उरलेला सगळा पाचोळा जागच्या जागी परत नेला.

संध्याकाळी आत्याबाई विळीवर पडवळ चिरत बसल्या होत्या. "मग अण्णा, मक्तेदाराला काय निरोप धाडू?"

अण्णांच्या आधी सूनच दारातून पुढे आली.

"आत्याबाई, मी आल्यानं घरात भर काय पडली, ते मलाही नीटसं माहीत नाही. पण मागल्या दारी त्या वेलाखाली उभी राहून मी रोज श्वास तरी सोडतेच आहे. तुमच्या हातातल्या पडवळात त्यातला थोडा असेल."

विळीवरचा हात थांबला. आत्याबाईंनी मागल्या दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तिनं काय ऐकलं होतं ते त्यांना उमजलं. त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं. ते त्यांनी दाबलं नाही.

सुनेनं मग अण्णांकडे वळून, या घरात पहिल्यांदाच काही मागितलं. "बाग मला शिकवा, अण्णा. खराटा अंगणापुरताच वापरीन."