हाकेचं बावखल

"हिने उपासकाळात काय सोडायचं? बोलणं तर माहेरीच सोडून आलीय," माझी नणंद कार्मेल म्हणाली आणि केळीपलीकडे दोघी-तिघी हसल्या. मी कळशी घेऊन केळीच्या अलीकडेच उभी होते. राखेचा बुधवार होता, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाचा पहिला दिवस. पुढे झाले तेव्हा सगळ्या एकदम गंभीर झाल्या. कपाळावर राख असली की ते सोपं जातं.

"ह्या पाण्यावर मौनाची थट्टा नको," नातलमामी म्हणाल्या. मामी म्हणजे सासूबाईंची थोरली भावजय. "नवी, इथे बस. तुला हे ऐकायलाच हवं."

समोर बावखल होतं. वसईकडे बागायतीसाठी खणलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला बावखल म्हणतात. ह्याला हाकेचं बावखल म्हणतात. पायऱ्या शेवाळलेल्या, पाणी काळसर.

फार पूर्वी ह्या बागेत इनास नावाचा माणूस राहत होता, असे सांगतात. देवभीरू, कष्टाळू. दर उपासकाळात तो आणखी एक गोष्ट सोडायचा. आधी मासळी सोडली, मग चटई, मग वहाणा. आपण दर वर्षी ख्रिस्ताच्या थोडे जवळ सरकतोय, असं त्याला वाटे. "आणि सरकतही असेल," मामी म्हणाल्या, "पण लोक बघायला येऊ लागले, आणि ते त्याला गोड लागलं." शेवटी त्याने बोलणं सोडलं. ईस्टरपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही, असा वेदीसमोर नवस केला.

त्याच वर्षी धाकट्या भावाची बायको लग्न होऊन आली होती, खाडीपलीकडची. एका दुपारी इनास चिंचेखाली जपमाळ ओढत बसला होता आणि ती पाण्याला उतरली. पाय सटकला. "भावजी!" अशी एकच हाक तिने मारली, म्हणे.

इनासला पोहता येत नव्हतं. पण हाकेच्या अंतरावर, केळीत, भाऊ आणि चार गडी काम करत होते. एक आरोळी पुरली असती. इनासने तोंड उघडलं, आणि वेदी आठवून मिटलं. तो धावत केळीत गेला. भावाचा हात ओढला, आभाळाकडे हात केले, पाण्याकडे केले, छाती बडवली. भावाने कोयता खाली ठेवला. गड्यांनी डोक्याची फडकी काढली. एवढा मोठा भक्त रडतोय म्हणजे प्रार्थनेलाच बोलावतोय, असं समजून ते सगळे तिथेच, चिखलात, गुडघ्यांवर बसले.

कोणी हसलं नाही. कार्मेलसुद्धा.

तेव्हा कुठे इनासने नवस मोडला. सगळे धावले, पण पाणी शांत झालं होतं. काठावर उभा राहून तो हाका मारू लागला, आणि काय हाक मारावी ते त्याला कळेना. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीचं नाव घ्यायची रीत नव्हती. घरात तिला नवीच म्हणत. "अगं... अगं..." एवढंच तो ओरडत राहिला, असे सांगतात.

त्यानंतर त्याने काहीच सोडलं नाही. जे वाढेल ते खाल्लं, लोक सांगतील ते ऐकलं, आणि मरेपर्यंत उपासकाळभर ह्या काठावर बसून पाण्याला उतरणाऱ्या प्रत्येकीला नाव विचारून हाक दिली.

"आणि तिचं नाव?" कार्मेलने विचारलं.

"कोण सांगणार? नवी होती."

आजही ह्या वाडीत उपासकाळात कोणी मौन धरत नाही. मासळी सोडतात, चहा सोडतात, भांडणं सोडल्याचं सांगतात. आणि ह्या बावखलात एकटी बाई उतरत नाही. वरून कोणीतरी तिला नावाने हाक मारतं, तिने ओ दिली की मगच पुढची पायरी.

माझी पाळी आली. मी कळशी कमरेवर घेतली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पायरी बुळबुळीत होती.

"सांभाळ गं, नवी!" वरून मामींनी हाक मारली. प्रेमानेच मारली.

मी ओ दिली नाही. खाली पाणी हलतही नव्हतं. "अगं नवी, ऐकतेस ना?" कार्मेल म्हणाली.

मी मागे वळले आणि म्हटलं, "माझं नाव इमेल्डा. नावाने हाक मारा, मग उतरते."