मंगळागौरीची रजा

फार पूर्वी, एका बाजाराच्या गावात एक पेढी होती. पेढी म्हणजे त्या काळची बँकच म्हणा ना! लोक आपले दागिने तिथे विश्वासाने ठेवत.

तिथे एक कारकून होता. काम लिहिण्याचं, पण म्हातारं माणूस आलं की उठून पाट मांडी, पाणी विचारी, शेजारच्याचं अडलं तर हात लावी. हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

पेढीचे मालक शेटजी. त्यांचा मेहुणाही तिथेच कामाला. सणवार आला की रजा मेहुण्याला आणि पेढी सांभाळायला कारकून, असंच चालत आलेलं.

त्या श्रावणात कारकुनाच्या लेकीची पहिली मंगळागौर होती. लेक माहेरी आली होती. शेटजींनी आषाढातच रजेचा शब्द दिला होता. पण ऐन सोमवारी मेहुणा म्हणाला, "दाजी, उद्या मला जत्रेला जायचंय."

शेटजी कारकुनाला म्हणाले, "तुम्ही थांबा हो. पूजा काय, बायका करतातच की."

कारकून थांबला. इकडे पूजेला बसलेली लेक सारखी दाराकडे बघत होती.

त्या दिवसापासून कारकून नेमून दिलेलं तेवढंच करू लागला. एक आजीबाई आपल्या मोहनमाळेची चौकशी करायला आल्या. गर्दीत उभं राहून त्यांचे पाय भरून आले. कारकुनाने पाहिलं आणि मान खाली घातली.

"पेढी तीच, पण माया गेली गं बाई इथली," आजीबाई बाहेर पडताना म्हणाल्या. बघता बघता बायका आपापले दागिने परत नेऊ लागल्या.

शेटजी घाबरले. घरी येऊन म्हणाले, "काम तर चोख आहे. एक अक्षर चुकत नाही. मग लोक का चाललेत?"

शेटाणी वाती वळत होत्या. आजीबाईंचं बोलणं त्यांच्या कानावर आलं होतं. "आजीबाईंना पाट द्या, असा हुकूम केला होतात कधी?"

"नाही बुवा."

"मग तो बंद का झाला, ते स्वतःलाच विचारा. आणि हो, श्रावणातला शेवटचा मंगळवार अजून जायचाय."

दुसऱ्या दिवशी मेहुणा पुन्हा सुरू झाला, "दाजी, मंगळवारी मी जरा..."

"बस खाली! मंगळवारी पेढीवर तू आणि मी. यापुढे सणाची रजा पाळीपाळीने. माझीसुद्धा पाळी धरायची."

मग ते कारकुनाला म्हणाले, "चुकलं माझं. लेक सासरी गेली असेल ना?"

"नाही. म्हणते, बाबा आरतीला उभे राहिल्याशिवाय जायची नाही."

मंगळवारी कारकून आरतीला उभा राहिला. लेकीचा चेहरा असा फुलला म्हणता!

पेढीवर मात्र शेटजी घामाघूम, मेहुणा शाईने माखलेला. दुपारी बघतात तर कारकून दारात, हातात पुरणपोळीचा डबा.

"अहो, रजा दिली होती ना?"

"दिलीत, म्हणून तर आलो. घरी झिम्मा-फुगड्या सुरू झाल्यात, मला उभं राहायला जागा नाही."

सगळे हसले. तेवढ्यात मोहनमाळ परत न्यायला आजीबाई आल्या. कारकुनाने धावत पाट मांडला. "बसा आजी. मागे उभं ठेवलं, राग धरू नका."

आजीबाई टेकल्या, पाणी प्यायल्या. "माळ राहू दे रे बाबा इथेच," त्या म्हणाल्या.

शेटजींचा जीव भांड्यात पडला.

तात्पर्य: नेमलेलं काम हुकमाने होतं, पण आपुलकीने केलेलं काम न्यायाने वागवल्यावरच मिळतं. गौर त्या लेकीला पावली, तशी कष्ट करणाऱ्या प्रत्येक घराला पावो.