गढूळ पाणी

"पण पीत का नाहीत?"

अनघाने मेंढरांकडे बघत तिसऱ्यांदा विचारलं. धनगरांतले म्हातारे धुळाप्पा तात्या काठीवर हनुवटी टेकून उकिडवे बसले होते.

समोर नवाकोरा सिमेंटचा हौद होता, काठोकाठ भरलेला. भोवती तीनशे मेंढरं. एकेक पुढे यायचं, नाक खाली न्यायचं, फुर्र करायचं आणि मागे सरायचं. सकाळपासून हेच चाललं होतं.

अनघा गावोगाव पाण्याची कामं करणाऱ्या संस्थेची इंजिनीअर. खरातवाडीच्या माळावर हा हौद तिने दोन महिने उन्हात उभं राहून बांधून घेतला होता. खालचं जुनं तळं आटून नुसता चिखल उरला होता.

"म्याडम, तुमीच पिऊन दावा की!" ताईबाई धनगरीण म्हणाली, आणि सगळे धनगर हसले.

अनघाने खरंच ओंजळ भरली आणि प्यायली.

मेंढरांनी बघितलं. प्यायली नाहीत.

ताईबाईचं हसू मावळलं. "दिस बुडायच्या आत पाण्याला लागली तर राहू. न्हाईतर उद्या घोड्यांवर बिऱ्हाड टाकून नदीकाठाला जायचं. पोरंबी संगंच."

पाच बिऱ्हाडांची अकरा पोरं. जूनमध्ये अनघानेच घरोघर फिरून त्यांची नावं शाळेत घातली होती. वार्षिक परीक्षेला महिनाच उरला होता.

ती तात्यांपुढे येऊन बसली.

"तात्या, पाणी तीनदा तपासलंय. गोड आहे. उंची कोकराची मान मोजून ठेवलीय. उतार बघा, पाय घसरणार नाही. सावलीसुद्धा..."

तात्यांनी कान खाजवला.

"आणि पंप उन्हावर चालतो, म्हणजे पाणी कधी..."

तात्या सूर्याकडे बघत होते. सूर्य टेकडीवर आला होता.

"शिवाय हौद..."

एक कोकरू क्षीण आवाजात ओरडलं...

"तात्या," ती हळूच म्हणाली, "मला कळत नाही."

तात्या उठले.

तरातरा उतार उतरून ते जुन्या तळ्यात शिरले, ते पार घोट्यापर्यंत. डोक्यावरचं मुंडासं सोडलं, त्यात दोन्ही हातांनी चिखल भरला आणि गाठोडं खांद्यावर टाकून वर आले. अंगावर काळे ओघळ. कुणाला काही समजायच्या आत त्यांनी गाठोडं हौदावर नेऊन उघडलं.

"तात्या! तपासलेलं पाणी आहे ते!"

धप्प!

स्वच्छ पाणी क्षणात गढूळ झालं. उरलेला चिखल तात्यांनी हौदाच्या काठाला लिंपला, चूल सारवावी तसा. मग दोन बोटं तोंडात घालून लांब शीळ घातली.

गळ्यात घंटा असलेली म्हातारी मेंढी पुढे आली. तिने काठ हुंगला. पुन्हा हुंगला. जुन्या तळ्याचाच वास. सगळा माळ श्वास रोखून उभा...

तिने तोंड पाण्याला लावलं.

"लागली! लागली गं बाय!" ताईबाई किंचाळली.

आणि तीनशे मेंढरं एकदम सुटली! धूळ, धक्के, खुरांचा तडतडाट! आईच्या पायांखालून कोकरं घुसत होती. पाणी ओढण्याचा सुरसुर आवाज पावसासारखा वाढत गेला. धनगरांची पोरं शिट्ट्या मारत हौदाभोवती पळत सुटली. एका मेंढ्याने अनघाला अशी ढुशी दिली की ती चिखलात बसली, आणि बसल्या बसल्या हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

ताईबाईने घोड्याच्या पाठीवर बांधून ठेवलेला दोर सोडला आणि झाडाला अडकवला.

सूर्य टेकडीआड गेला.

अनघा उठून तात्यांजवळ आली. ते मुंडासं पिळत होते.

"तात्या, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

तात्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मग दोन महिने मी हौद बांधून घेत होते, तेव्हा का नाही सांगितलंत?"

तात्यांनी मुंडासं झटकलं, डोक्याला गुंडाळलं.

"तवा तू सांगत हुतीस, बाई."