डोहातले दोन मांगूर

मुलांनो, सागाच्या एका जंगलातून ओढा वाहत असे आणि कड्याखाली त्याचा खोल डोह झाला होता. त्या डोहाकाठच्या कपारीत एक पाणमांजर आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत होती. डोहात झिंगे आणि बारीक मासळी भरपूर होती. काठच्या चिखलात मांगूर मासेही राहत. पण त्यांच्या परांचा काटा फार झोंबतो, म्हणून पाणमांजर सहसा त्यांच्या वाटेला जात नसे.

एका पावसाळ्यात ओढ्याच्या वरच्या अंगाला माणसांनी मासे पाळायला खोदलेले तळे फुटले आणि त्यातले काही परके मासे वाहत डोहात आले. थंडी पडेपर्यंत डोह रिकामा होऊ लागला. आधी झिंगे गेले, मग बारीक मासळी घटू लागली. पिल्ले उपाशीपोटीच आईच्या कुशीत शिरू लागली. "हे कोण करतंय रे?" पाणमांजरीने फांदीवरच्या खंड्या पक्ष्याला विचारले. खंड्याची नजर तीक्ष्ण, पण स्वभाव उतावळा. तो म्हणाला, "अगं, मी पाहिलंय ना त्याला! काळा आहे, मिशा आहेत आणि हवा घ्यायला वर येतो. दिसला की धर!"

पाणमांजर त्याच दिवशी कामाला लागली. काठच्या उथळ चिखलात तिला काळे, मिशाळ मासे सहज सापडत. काटे टोचून तिचे तोंड सुजले, पिल्लांना तर ते काटेरी मासे खाताच येईनात, तरी ती थांबली नाही. पण नवल असे, की इतके मासे मारूनही बारीक मासळी घटतच चालली. एके सकाळी तिने एक म्हातारी मांगूर पंज्यात धरली. ती धापा टाकत म्हणाली, "बाई, मारायचं तर मार. पण एकदा माझ्याकडे नीट बघ तरी. माझा गुन्हा काय?"

"तुला मिशा आहेत," पाणमांजर गुरगुरली.

"मिशा तर तुलाही आहेत!" मांगूर म्हणाली. "आम्ही या चिखलात तुझ्या आजीच्या आधीपासून राहतो. मासळी फस्त करणारा जो तू शोधतेस, तोही मांगूरच, पण परका. त्याचं डोकं फावड्यासारखं रुंद आणि चपटं असतं. अंगावर राखाडी डाग असतात. आणि आकाराने तो तुझ्या पिल्लापेक्षा मोठा! तो मधल्या खोल पाण्यात असतो. आम्ही काठाला होतो, म्हणून तुला सापडलो."

पाणमांजरीचा पंजा आपोआप सैल झाला. "अरे देवा! म्हणजे इतके दिवस मी..." तिने मांगुरीला पाण्यात सोडले.

"माझी दोन मुलं गेली," मांगूर हळूच म्हणाली. "पण तुझी पिल्लं उपाशी आहेत, हेही मला दिसतं. चल, मी दाखवते."

ती पुढे झाली आणि पाणमांजर तिच्यामागून खोल पाण्यात उतरली. मोठ्या खडकाखाली तो परका मासा होता. रुंद डोके, अंगभर डाग, सगळे सांगितल्यासारखेच. पाणमांजरीने या वेळी दोनदा पाहिले आणि मगच झडप घातली. खूप झटापट झाली. शेवटी तिने त्याला ओढत काठावर आणले तेव्हा तो म्हणाला, "तळं फुटलं आणि पाण्याने मला इथे आणून टाकलं. मी कुठे आपणहून आलो?"

"खरं आहे तुझं," पाणमांजर म्हणाली. "दोष तुझा नाही. पण तू इथे राहिलास तर दुसरं कुणीच उरणार नाही." तिने एकाच चाव्यात त्याला संपवले. एरवी ती शिकारीशी खेळत असे. त्या दिवशी खेळली नाही.

पुढचे कितीतरी दिवस ती आणि म्हातारी मांगूर मिळून परके मासे हुडकत राहिल्या. हळूहळू बारीक मासळी पुन्हा दिसू लागली. चिखलातले मांगूर मात्र थोडेच उरले होते. एकदा पाणमांजरीच्या धाकट्या पिल्लाने काठावर एक काळा मासा पकडला आणि "आई, मिशीवाला!" म्हणून आनंदाने आरोळी ठोकली. पाणमांजर धावत गेली. "दाबू नकोस," ती म्हणाली. "आधी त्याचं डोकं बघ." पिल्लाने वाकून पाहिले. डोके लहान होते, अंगावर एकही डाग नव्हता. त्याने मासा अलगद चिखलात सोडून दिला.

तात्पर्य : शत्रू कोण हे नीट ओळखल्यावाचून उगारलेला हात आधी आपल्याच शेजाऱ्यावर पडतो.